आधी पैसे मागणारं काम

प्रश्न : टेलिग्रामवर ‘मिस्ट्री शॉपर’चं काम आलंय. नोंदणीचे २,००० रुपये भरू का?
– एक वाचक, वडनेर (जि. वर्धा)

उत्तर : मुळीच नको. मिस्ट्री शॉपरचं काम मुळात खोटं नसतं, पण खरं काम देणारे आधी पैसे मागत नाहीत. गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये किंवा पेट्रोल पंपावर जायचं, वागणूक आणि बिल पाहायचं, अहवाल द्यायचा. मानधन नंतर मिळतं, तेही बेताचंच. आणि अशी कामं नागपूरसारख्या शहरांत जास्त. घरबसल्या हॉटेलांना स्टार द्यायला लावणारे ठग मात्र आधी शे-दोनशे खात्यात टाकतात, मग ‘प्रीपेड टास्क’ म्हणून हजारो उकळतात. आलेले पैसे पुढे पाठवायला सांगितलं, तर त्याहून वाईट : रक्कम चोरीची असू शकते, खातं गोठतं ते तुमचं. पैसे गेलेच असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. स्क्रीनशॉट पुसू नका.