पाय नाही, तरी अंगठा का दुखतो?

कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या आजूबाजूच्या वस्त्यांत आम्ही आरोग्यभेटीला फिरतो. एका घरात कृत्रिम पाय दाराआड उभा करून ठेवलेला दिसला. पाय ज्याचा, तो भाऊ कुबड्यांवर. फौंड्रीत जड पेटी पडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. पाय मिळालाय, मग घालत का नाही? म्हणाला, "ताई, खाली जमीन हाय का गटार, कळतच नाही. सारखी मान खाली घालून चालायचं. लाइट गेली की पडलोच." वर रात्री, नसलेल्या पायाचा अंगठा कुणीतरी पिळतंय असं दुखतं. शेजारच्या बाईंनी 'बाहेरचं असंल' म्हणून अंगारा लावायला सांगितलं होतं.

बाहेरचं काही नाही. पायाची बातमी मेंदूला नेणाऱ्या नसा उरलेल्या पायात जिवंतच असतात, आणि मेंदूत त्या पायाची जागाही राखून ठेवलेली असते. बातमी येणं थांबलं की मेंदू गोंधळतो आणि त्या जागी वेदना जाणवते. ही खरी वेदना आहे, वेड नव्हे. तिच्यावर औषधं आहेत. डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

१९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट आपल्या लोकांसाठी मोठी सोय ठरला. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं. पण तो पाय मुका आहे. आता जगात या मुक्या पायाला बोलतं करायचं काम चाललंय. २०१५ मध्ये ऑस्ट्रियात प्रा. हुबर्ट एग्गर यांनी तळव्याला सेन्सर लावलेला पाय दाखवला. २०१९ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील स्टानिसा रास्पोपोविच यांच्या गटाने मांडीतून पाय गेलेल्या दोघांच्या मांडीच्या नसेत बारीक तारा बसवल्या. तळव्याखालचे आणि गुडघ्यातले सेन्सर दाब व हालचाल टिपायचे, ती खबर विजेच्या हलक्या इशाऱ्याने नसेत जायची, आणि माणसाला स्वतःचा तळवा टेकल्यासारखं वाटायचं. दोघंही वाळूवर जलद चालले, दमही कमी लागला, आभासी वेदनाही घटली. दोनच माणसं, हे मात्र विसरू नका. असा पाय अजून दुकानात मिळत नाही. मिळतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. शस्त्रक्रियेविना, मांडीच्या कातडीवर छोट्या मोटारी थरथरवून टाच टेकली की बोटं टेकली हे सांगणाऱ्या पट्ट्यांवरही संशोधन चालू आहे. आम्हाला आशा आहे ती या स्वस्त वाटेची.

तोवर काय? सॉकेट घट्ट बसलं पाहिजे. जमिनीची जी काही खबर मिळते ती सॉकेटच्या दाबातूनच. उरलेला पाय वाळून बारीक होतो, सॉकेट सैल पडतं, मग लोक मोज्यांवर मोजे चढवतात आणि पाय वळवळतो. त्या भावाचंही तेच झालं होतं. सॉकेट बदलून घ्यावं. रोज संध्याकाळी उरलेला पाय आरशात सगळीकडून बघावा; साखर असेल तर नक्कीच, कारण जखम झालेली कळत नाही. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नये, सांधा आखडतो.

आरशाचा आणखी एक उपयोग आहे. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो आधी हातासाठी दाखवला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, उरलेला पाय मागे लपवायचा आणि चांगला पाय आरशात पाहत दोन्ही एकदम हलवायचे. २००७ मध्ये अमेरिकेत पाय गमावलेल्यांवर याची चाचणी झाली, रोज १५ मिनिटं, ४ आठवडे. आरशात पाहणाऱ्यांची वेदना कमी झाली. पहिल्या दिवशी काहींना रडू येतं. घरच्यांनी जवळ बसावं.

आता हक्काचं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना जिची तयारी सुरू झाली, त्या ईएसआय योजनेत १० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यातले, पगाराच्या मर्यादेत बसणारे कंत्राटी कामगारही येतात. विमाधारकाला कृत्रिम पाय, त्याची दुरुस्ती आणि बदल मोफत आहे. कामावरच्या अपघातासाठी आधी अमुक दिवस वर्गणी भरल्याची अटही नाही. पण अपघाताची नोंद 'कामावर' अशीच हवी. आमच्या भावाच्या केसपेपरवर, ठेकेदाराच्या सांगण्यावरून, 'घरी पडला' असं लिहिलं गेलं. हजेरीचं कार्ड त्याच्या बायकोने जपून ठेवलं होतं, सोबतच्या दोघांनी लेखी जबाब दिलेत. नोंद दुरुस्त करून घ्यायला आम्ही त्यांच्याबरोबर हेलपाटे घालतोय.