मुऐदरच्या मापाचा नकाशा

(मामा कतारमध्ये, दोह्याच्या पश्चिमेला असलेल्या मुऐदरला राहतात, पेशाने सर्व्हेअर. अमरावतीला भूगोल शिकणारी भाची सुट्टीला आली आहे. लॅपटॉपवर मुऐदरमधल्या एका सांडपाणी वाहिनीचं ड्रॉइंग उघडं आहे.)

भाची: मामा, या मॅनहोलचं ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचं अंतर, २ लाख १९ हजार मीटर आणि नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं, ३ लाख ९० हजार दिसतंय. यूटीएममध्ये, म्हणजे युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर ग्रिडमध्ये, नॉर्दिंग सात आकडी यायला हवं ना?

मामा: बरोबर. यूटीएममध्ये मुऐदरचं नॉर्दिंग २७ लाखांच्या घरात जातं. ही कतार नॅशनल ग्रिड आहे.

भाची: पण अख्खा कतार यूटीएमच्या ३९ क्रमांकाच्या पट्ट्यात मावतो. मग वेगळी ग्रिड कशाला?

मामा: यूटीएम म्हणजे तयार कपडे, ६ अंश रुंदीच्या कुठल्याही पट्ट्याला चालावेत म्हणून बेतलेले. कडेला माप फार ताणलं जाऊ नये म्हणून मध्य रेखावृत्तावर ते मुद्दाम ०.९९९६ पट आखडतं ठेवलंय. म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर कमी. मुऐदर त्या ५१ अंशांच्या रेखावृत्तापासून साधारण ४१ किलोमीटरवर आहे, म्हणून इथे तूट ३८ सेंटिमीटरची. २ किलोमीटरच्या वाहिनीत पाऊण मीटर गेला!

भाची: आणि कतारच्या ग्रिडमध्ये?

मामा: प्रक्षेपण तेच, ट्रान्सव्हर्स मर्केटर. पण मध्य रेखावृत्त ५१ अंश १३ मिनिटं, म्हणजे देशाच्या जवळजवळ मधोमध, आणि स्केल फॅक्टर ०.९९९९९. मध्यावर किलोमीटरला १ सेंटिमीटर कमी, दोन्ही बाजूंना २८ किलोमीटरच्या आसपास अचूक, त्यापलीकडे किंचित जास्त. मुऐदरला तूट जेमतेम अर्धा सेंटिमीटर. वाहिनीच्या कामात ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

भाची: हे २ लाख आणि ३ लाख कुठून आले?

मामा: ग्रिडच्या आरंभबिंदूला शून्य न देता ईस्टिंग २ लाख मीटर आणि नॉर्दिंग ३ लाख मीटर दिलंय. त्यामुळे देशात कुठेही गेलीस तरी उणे आकडा येत नाही.

भाची: पण ट्रान्सव्हर्स मर्केटरच का निवडलं?

मामा: देशाचा आकार बघ. दक्षिणोत्तर लांब, पूर्व-पश्चिम अरुंद. या प्रक्षेपणात मध्य रेखावृत्तापासून पूर्वेला-पश्चिमेला सरकलं की चूक वाढते. उत्तर-दक्षिण कितीही जा, फरक पडत नाही. शिवाय जागच्या जागी कोन बिघडत नाहीत. आम्ही टोटल स्टेशनने कोनच तर मोजतो.

भाची: म्हणजे महाराष्ट्राला हे चालणार नाही?

मामा: गावच्या किंवा तालुक्याच्या कामाला खुशाल चालेल. सर्व्हे ऑफ इंडियाचे सर्वांसाठी खुले असलेले नकाशे यूटीएमवरच आहेत. पण राज्य पूर्व-पश्चिम पसरलेलं. ७८ अंशांवर पट्टा बदलतो. आपलं अमरावती ४३ मध्ये, वर्धा शहर ४४ मध्ये. दोन्हीकडचे आकडे एकाच ड्रॉइंगमध्ये टाकलेस की वर्धा अमरावतीच्या पश्चिमेला जाऊन बसेल.

भाची: मग पूर्ण राज्याला काय घ्यायचं?

मामा: शंकू-प्रक्षेपण. ते ठरावीक अक्षवृत्तांवर अचूक असतं, म्हणून आडव्या प्रदेशाला शोभतं. महाराष्ट्रासाठी १७ आणि २१ अंशांची अक्षवृत्तं घेतलीस की चूक आटोक्यात राहते. आता मला सांग, नकाशा कशासाठी हवाय?

भाची: विदर्भातला कापूस आणि पश्चिम महाराष्ट्रातला ऊस किती क्षेत्रावर आहे, याची तुलना करायची आहे.

मामा: मग अल्बर्सचं समक्षेत्र शंकू-प्रक्षेपण. आकार जरा बदलतो, पण हेक्टरला हेक्टर राहतो. दिशा आणि आकार महत्त्वाचे असते, तर लॅम्बर्टचं कोन राखणारं शंकू-प्रक्षेपण सुचवलं असतं. क्षेत्र आणि कोन दोन्ही एकाच सपाट कागदावर सगळीकडे राखता येत नाहीत.

भाची: आणि मोबाइलवरचा नकाशा?

मामा: तो बहुधा वेब मर्केटर. चौकातले रस्ते काटकोनात दिसतात, म्हणून वाट शोधायला उत्तम. पण मुऐदरच्या अक्षांशावर त्यात लांबी १० टक्क्यांहून जास्त आणि क्षेत्र सुमारे २२ टक्के फुगतं. उत्तरेकडे तर विचारूच नकोस. नॉर्वेची मुख्य भूमी महाराष्ट्राहून जराशीच मोठी, पण तिथे ती चौपटीहून मोठी दिसते. ॲपमधली मोजपट्टी हा फुगवटा हिशेबात धरते. स्क्रीनशॉटवर फूटपट्टी लावणारा मात्र फसतो.

भाची: दोह्याहून जगातल्या शहरांची अंतरं दाखवायची असतील तर?

मामा: दोहा केंद्रस्थानी धरून समअंतर-दिगंशी प्रक्षेपण, म्हणजे केंद्रापासूनचं अंतर आणि दिशा दोन्ही खरं सांगणारं. पण त्याच नकाशावर मुंबई ते लंडन मोजायला जाऊ नकोस. खात्री फक्त दोह्यापासूनच्या अंतरांची.

भाची: म्हणजे आधी प्रदेश कुठे आहे आणि कुठल्या दिशेने पसरलाय ते बघायचं, मग तो किती मोठा आहे ते, आणि शेवटी नकाशाचं काम काय ते.

मामा: हो. आणि जे निवडशील त्याचं नाव डेटमसकट, म्हणजे आकडे ज्या संदर्भचौकटीवर मोजलेत तिच्यासकट, नकाशाच्या कोपऱ्यात लिही. इथे डेटम कतार नॅशनल डेटम १९९५ आहे आणि जीपीएस देतं डब्ल्यूजीएस ८४. रूपांतर न करता दोन्ही मिसळले की पाइप भलतीकडे जातो. नाव नसलेला कोऑर्डिनेट कितीही दशांशांपर्यंत दिलेला असला, तरी खोदकामाला वापरू नये.