जागेवर बसून काढलेले माझे पहिले चित्र

"निसर्गचित्र काढा" असे सांगितले की आमच्या वर्गातली सगळी चित्रे सारखीच येतात. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, एक झोपडी, एक नारळ आणि आकाशात वेलांटीसारखे पक्षी. मीही तिसरीपासून हेच काढत आले. (त्यात मला दहापैकी नऊ गुण मिळायचे, हेही सांगून टाकते.)

या वर्षी गुरुजींनी माझे चित्र हातात धरून विचारले, "अशी नदी तू कुठं पाहिलीस?" मी गप्प. आमच्याकडे नदी नाही, पनवेलची खाडी आहे. मग एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही अकरा जण खाडीच्या बांधावर जाऊन बसलो. परीक्षेचे पॅड, ड्रॉइंग पेपरचा पाव भाग, रंगाच्या वड्या, दोन ब्रश, जुने फडके आणि गोड्या पाण्याची बाटली एवढे सामान. बाटली जपा, असे गुरुजी दोनदा म्हणाले होते.

समोर एवढे काही दिसते की कुठून सुरुवात करावी तेच कळेना. पाणी, तिवरे, चिखलात कललेली होडी, पलीकडे बेलापूरच्या इमारती, त्यांच्या मागे खारघरचे डोंगर. गुरुजींनी पुठ्ठ्याला ६ सें.मी. रुंद आणि ८ सें.मी. लांब अशी खिडकी कापायला लावली. एक डोळा मिटून त्या खिडकीतून पाहायचे, आणि खिडकीत मावेल तेवढेच काढायचे. बाकीचे सोडून द्यायचे. हे सोडून देणेच मला सर्वांत जड गेले.

मी रेखाटन केले तर डोंगर वीतभर उंच झाले. गुरुजी म्हणाले, "हात ताठ कर, पेन्सिल उभी धर आणि अंगठ्याने मोज." मोजले, तर पलीकडचे डोंगर माझ्या नखाएवढेच! डोंगर मोठा असतो हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात तो मोठा काढतो. डोळ्याला तो लांबून लहानच दिसतो. तो निळसरही दिसतो, कारण आपल्या आणि त्याच्या मधे पुष्कळ हवा असते. हिरवा रंग द्यायला निघालेला ब्रश मी तिथेच थांबवला.

तिवरांचीही तीच गंमत. डबीतला हिरवा तसाच लावला तर झाड प्लॅस्टिकचे वाटले. त्यात लाल रंगाचा ठिपका मिसळल्यावर हिरवा मळकट झाला आणि जमले. तिवराचे पान खालून पांढुरके असते. वारा आला की सगळे झाड क्षणभर रुपेरी होते. मी रोज शाळेला येताना ही झाडे पाहते, पण हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

जागेवर बसले की सर्वांत मोठी अडचण म्हणजे समोरचे काही थांबत नाही. ओहोटी सुरू होती. होडीपुढचे पाणी मी रंगवेपर्यंत तिथे चिखल झाला. सावल्या तर डोळ्यांदेखत सरकतात, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून सावल्या आधी पेन्सिलीने पक्क्या करून घ्याव्यात आणि नंतर त्या हलल्या तरी बदलू नयेत. गुरुजींनी क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट सांगितली. त्याने १८९० आणि १८९१ साली शेतातल्या गंजीच पुन्हा पुन्हा रंगवल्या. सकाळची, संध्याकाळची, बर्फातली अशी सुमारे २५ चित्रे केली. आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनीही रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी अशीच वेगवेगळ्या वेळी रंगवली. ते १९३१ साली वारले. एवढ्या मोठ्या माणसांनाही एकाच जागी परत परत जावे लागले, हे ऐकून मला जरा धीर आला.

धीर आला खरा, पण तोवर बाटलीतले पाणी मी पिऊन टाकले होते. मग हळूच खाडीच्या पाण्यात रंग कालवला. ओला असताना काही कळले नाही. वाळल्यावर बारीक पांढरे दाणे उमटले. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून तो भाग दुपारपर्यंत दमटच राहिला. गुरुजी एवढेच म्हणाले, "चिखल मात्र छान साधलाय."

आता मुख्य गोष्ट. रेखाटन करताना उजव्या कोपऱ्यात मी सवयीने एक त्रिकोणी डोंगर काढला होता. गुरुजींनी विचारले, "हा कुठं दिसतोय?" तिथे नुसते आकाश होते. मी तो खोडरबराने पुसला.

घरी आजोबांनी चित्र बराच वेळ पाहिले. मग बरोबर त्या पुसलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "यात डोंगर नाय."

तो उलव्याचा डोंगर. सुमारे ९० मीटर उंच होता. नवी मुंबईच्या विमानतळासाठी तो सुरुंगांनी फोडून सपाट केला, उलवे नदीचे पात्र वळवले आणि दहा गावे उठवली. त्यांत आजोबांचेही गाव होते. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. आम्ही चित्र काढत होतो तेव्हाही डोक्यावरून गेली. आजोबा म्हणाले, "होडी घेऊन येताना आम्ही त्याचीच खूण धरायचो."

मी विचारले, तो केवढा दिसायचा? त्यांनी हात ताठ करून आख्खा पंजा उभा धरला.

मी गणित केले. आमच्या बांधापासून ती जागा नकाशावर सुमारे ३ कि.मी. भरते. डोळ्यापासून ५० सें.मी.वर धरलेल्या पेन्सिलीवर ९० मीटरचा डोंगर दीड सें.मी. दिसेल. मी आजोबांना तेवढे मोजून दाखवले. "एवढुसा?" ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले. गणित चुकलेले नव्हते, पण मला ते दाखवायला नको होते असे वाटले.

गुरुजी म्हणतात, जागेवरच्या चित्रात जे दिसते तेच राहू दे, डोंगरासाठी वेगळे स्मरणचित्र कर. पण मला तो आठवतच नाही. डोंगर फोडायला लागले तेव्हा मी फार लहान होते.

म्हणून शेजारी माझ्या चित्राबरोबर एक दुसरा कागद लावला आहे. त्यावर खाडी, तिवरे आणि होडी आहे, उजवा कोपरा कोरा आहे. सुतळीने पेन्सिल बांधली आहे. शाळेत आलेल्या ज्या पालकांनी तो डोंगर पाहिला असेल त्यांनी त्याची रेघ काढून द्यावी. उतार कुठल्या बाजूला होता आणि माथा टोकदार होता की सपाट, एवढे कळले तरी चालेल. उंची ज्याला जशी आठवेल तशी काढावी. मी मोजणार नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी