ट्रॅक्टरच्या इंजिनातील टॅपेट : निवड व निगा



ऊस चांगला पिकविला, तोडही वेळेवर मिळाली, पण भरलेली ट्रॉली वाटेत उभी राहिली तर सारी मेहनत उन्हात वाळते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही नेहमी सांगतो. कारण पुढे वजनही घटते आणि साखरही. म्हणून या लेखात उसाऐवजी ऊस ओढणाऱ्या इंजिनाविषयी, आणि त्यातल्या एका लहानशा भागाविषयी लिहीत आहे. तो भाग म्हणजे टॅपेट.

दोन हंगामांपूर्वी आमच्या गटातल्या एका ट्रॅक्टरचा आवाज बदलला. ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, इंजान टकटकतंय, पर वढतंय की!" त्याने स्वतःच पाना घेऊन, गेज न लावता, रॉकरचे स्क्रू आवळले. टकटक थांबली. आठवड्याने दोन ट्रॉल्यांसह गाडी चढाला बसली. झडप जळाली होती. इंजिन खोलले तेव्हा दोन टॅपेटच्या तोंडाला वाटीसारखा खळगा पडलेला आणि कॅमचे उंचवटे झिजलेले. आदल्या वर्षी कसलाही नंबर नसलेले स्वस्त टॅपेट बसविले होते. चार दिवस ट्रॅक्टर बंद, टोळी बसून, आणि ऊस बांधावर. आवाज बंद करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, एवढे त्यावरून शिकावे.

टॅपेटचे काम काय?

कॅम शाफ्ट फिरला की त्याचा उंचवटा टॅपेटला वर उचलतो. टॅपेट पुश रॉडला, पुश रॉड रॉकरला ढकलतो आणि झडप उघडते. नदीकाठच्या जुन्या ऑईल इंजिनातही हीच रचना होती. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालले तर कॅम १००० फेऱ्या फिरतो. म्हणजे प्रत्येक टॅपेट तासाला ६०,००० वेळा वर-खाली होतो. रोज १० तास धरले तर १२० दिवसांच्या हंगामात हा आकडा ७ कोटी २० लाखांवर जातो. एवढा मार खाणारी वस्तू दहा-वीस रुपये वाचविण्यासाठी निवडू नये.

साध्या टॅपेटचे तोंड सपाट दिसते, पण ते किंचित फुगीर घासलेले असते आणि कॅमला अगदी थोडा उतार असतो. त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवतीही फिरतो व झीज सगळीकडे सारखी होते. फिरणे थांबले की एकाच जागी घासून खळगा पडतो.

मोटारींत तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेटही असतात. त्यांना फट लावावी लागत नाही, पण तेल अगदी स्वच्छ लागते. परदेशातील शर्यतीच्या काही मोटारींत झडपांच्या स्प्रिंगा फार कडक असतात, म्हणून तेथे रोलरचे टॅपेट वापरतात व कॅमही त्यांच्याच जोडीचा असतो. आपल्याला शर्यत करायची नाही, ओझे ओढायचे आहे. इंजिन ज्या जातीच्या टॅपेटवर बनले, तीच जात ठेवावी.

निवडताना काय पाहावे?

१. इंजिन नंबर दाखवून त्याच पार्ट नंबरचा माल घ्यावा. जुन्या टॅपेटशी जाडी, लांबी व पुश रॉडची बैठक ताडून पाहावी.

२. दोन नवे टॅपेट तोंडाला तोंड लावून धरावेत. किंचित डुलले तर फुगीरपणा आहे असे समजावे. जुन्याच्या तोंडावर पोलादी पट्टी धरून उजेडात पाहावे. मध्ये उजेड दिसला तर तो बाद.

३. तेल लावून टॅपेट भोकात सोडावा. स्वतःच्या वजनाने उतरावा व बोटाने सहज फिरावा. अडकत असेल किंवा खडखडत असेल तर बसवू नये.

४. तोंडावर टाके, चीर किंवा कपचा असल्यास घेऊ नये.

५. कॅम नवा असेल तर सर्व टॅपेट नवेच घालावेत. झिजलेल्या कॅमवर नवे टॅपेट टिकत नाहीत. जुनेच परत घालायचे असतील तर पुठ्ठ्यावर नंबर टाकून ज्याच्या त्याच्या भोकात बसवावेत, कारण प्रत्येकाची आपल्या उंचवट्याशी घडण झालेली असते.

बसविताना व नंतर

कॅम व टॅपेटच्या तोंडाला बसवणीचे वंगण लावावे. नव्या जोडीचे इंजिन सुरू करून मंद ठेवू नये. पुष्कळ इंजिनांत कॅमला क्रँकच्या उडत्या तेलाचा आधार असतो आणि मंद गतीत ते कमी उडते. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर पहिली वीस मिनिटे सुमारे १५०० फेऱ्यांवर, थोडी कमी-जास्त करीत चालवावे.

फट फिलर गेजनेच लावावी, आकडा पुस्तिकेतला घ्यावा. इंजिन गार की गरम, हेही तेथेच पाहावे. १-३-४-२ क्रमाच्या चार सिलिंडरी इंजिनात चौथ्याच्या दोन्ही झडपा हलत असताना पहिल्याच्या फटी लावतात. फट जास्त झाली तर झडप कमी उघडते व ओढ घटते. फट उरलीच नाही तर झडप नीट बसत नाही, तिची उष्णता बाहेर जात नाही आणि ती जळते.

एकाच टॅपेटची फट पुन्हा पुन्हा वाढत असेल तर आवळत बसू नका. कॅम झिजतो आहे. तेलात चमकदार कीस दिसला तरी तेच समजा.

हंगाम संपल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा आपल्या भरवशाच्या फिटरकडे हे काम निवांत करून घ्यावे. मोळी पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा पावसाळ्यातला एक दिवस स्वस्त पडतो.