कॅमेऱ्याची अदलाबदल

बैल घ्यायला बाजारात गेलेला शेतकरी नुसता रंग बघत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात बघतो. दातांवरून वय कळते. मग तो बैल चालवून बघतो. पाठीवर हात फिरवतो. मालकाला विचारतो, "खोड काय?" मालक म्हणतो, "बिनखोडीचा आहे." तरीही शेतकरी बैल जुंपून बघतो. यात कुणाला अपमान वाटत नाही. जुना माल पारखूनच घ्यायचा, ही आपल्याकडची रीत आहे.

आज आपण दुसऱ्या एका जुन्या मालाची पारख शिकू. तो माल म्हणजे कॅमेरा.

लग्न, साखरपुडा, बारसे, शाळेचे संमेलन, अशा ठिकाणी फोटो काढून पुष्कळ तरुण मुलेमुली चार पैसे मिळवतात. नवा कॅमेरा महाग. म्हणून जुना घेतात, किंवा आपला देऊन दुसऱ्याचा घेतात. रोखीने घेताना किंमत डोळ्यांसमोर असते. अदलाबदलीत मात्र किंमत झाकलेली राहते. इकडेही माल, तिकडेही माल. मग सौदा बरोबरीचा झाला की नाही, हे ओळखायचे कसे?

ताईपुढचा सौदा

समजा, एक ताई आहे. तिच्याजवळ निकॉन कंपनीचा डी ५६०० कॅमेरा आहे आणि त्याला १८-१४० ची लेन्स आहे. गावातले एक स्टुडिओवाले काका तिला म्हणतात,

"ताई, लग्नाच्या कामाला तुझा कॅमेरा लहान पडतो. माझा डी ७२०० घे. मोठा आहे, दणकट आहे. तू तुझा कॅमेरा लेन्ससकट दे, आणि वर चार हजार दे."

ताई म्हणते, "काका, दोन दिवस विचार करते."

ताईने हे फार चांगले केले. पटकन 'हो' म्हणाली नाही, आणि तोंडावर 'नाही' म्हणून काकांना दुखावलेही नाही.

काकांचे बोलणे खोटे नव्हते. डी ७२०० मध्ये दोन कार्डे बसतात. एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर फोटो शिल्लक राहतात. लग्न काही पुन्हा लागत नाही, म्हणून ही सोय मोठी. पण गुण खरा असला म्हणजे सौदाही खरा, असे नाही.

देह आणि डोळा

असा कॅमेरा दोन भागांचा असतो. एक बॉडी आणि दुसरी लेन्स. बॉडी म्हणजे देह, लेन्स म्हणजे डोळा. लेन्स नसेल तर बॉडीचा उपयोग नाही.

आता काकांचे बोलणे पुन्हा वाचा. ताईने लेन्ससकट द्यायचे आहे. काका मात्र नुसती बॉडी देणार आहेत. म्हणजे सौदा झाल्यावर ताईला नवी लेन्स घ्यावी लागेल. बोलण्याच्या ओघात ही गोष्ट ध्यानात येत नाही. कागदावर लिहिली की लगेच दिसते.

आणखी एक गोष्ट. बॉडीची किंमत लवकर उतरते, कारण कंपन्या नवनव्या बॉड्या काढतात. चांगली लेन्स जपून वापरली तर तिची किंमत बॉडीपेक्षा जास्त दिवस टिकते.

कॅमेऱ्याचे दात

फोटो काढताना आत एक पडदा क्षणभर उघडतो आणि मिटतो. त्याला शटर म्हणतात. पडदा किती वेळा उघडला, तो आकडा म्हणजे कॅमेऱ्याचे दात. त्यावरून कॅमेऱ्याने किती काम केले ते कळते.

डी ७२०० चे शटर कंपनीने १,५०,००० वेळा चालवून तपासलेले आहे. डी ५६०० चे १,००,००० वेळा. त्या आकड्याला पोचले की शटर लगेच मोडते असे नाही. एखादे पुढेही चालते, एखादे आधीच बसते. पण अंदाज बांधायला हा आकडा चांगला.

निकॉनमध्ये हा आकडा मूळ फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. संगणकावर तो वाचता येतो. त्यासाठी फोटो थेट कार्डावरून घ्यावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तो सापडत नाही. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हा आकडा फोटोत लिहिलेला नसतो. तेथे दुरुस्ती केंद्रात जाऊन विचारावे.

एका गोष्टीला फसू नका. फोटोच्या नावात चार आकडी क्रमांक असतो. तो शटरचा आकडा नव्हे. तो ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो.

समजा, काकांच्या कॅमेऱ्याचा आकडा १,३५,००० निघाला. उरले १५,०००. ताई एका लग्नात १,५०० फोटो काढते. भागाकार करा. दहा लग्ने! नंतर शटरच्या खर्चाची तयारी ठेवायला हवी.

आणखी काय बघायचे?

१. लेन्स घेत असाल तर तिच्यातून टॉर्चचा उजेड पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लवकर लागते. धूळ पुसता येते. बुरशी साफ केली तरी काचेवरचा लेप खराब झालेला असू शकतो.

२. लेन्सचे तोंड बारीक करून, म्हणजे एफ १६ वर, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. फोटो मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर आतल्या सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते. पण चरा असेल तर तो जात नाही.

३. बॅटरी काढून हातात घ्या. फुगलेली असेल तर ती बाद समजा.

४. दोन्ही कार्डे घालून फोटो काढा. फ्लॅश लावून बघा. प्रत्येक बटण दाबून बघा.

५. जोडीचे सामान जुळते का, ते विचारा. डी ५६०० ची बॅटरी डी ७२०० मध्ये बसत नाही. ताईजवळची जादा बॅटरी तिला उपयोगी पडणार नाही. तसेच, निकॉनच्या जुन्या 'डी' जातीच्या लेन्सला फोकस करायला बॉडीत मोटर लागते. ती डी ७२०० मध्ये आहे, डी ५६०० मध्ये नाही. डी ५६०० वर अशी लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. म्हणजे माल चांगला असूनही आपल्या कामाचा नसतो.

एकाच तराजूने तोला

आता किंमत. येथेच बहुतेक सौदे वाकडे होतात.

जुन्या मालाला दोन किमती असतात. दुकानदार आपल्याकडून घेतो ती कमी. तोच माल तो दुसऱ्याला विकतो ती जास्त. मधला पैसा त्याच्या जागेचा, मेहनतीचा आणि जोखमीचा. दोन्ही किमती आपापल्या जागी खऱ्या आहेत. पण आपला माल एका किमतीने आणि समोरच्याचा दुसऱ्या किमतीने मोजला, की तराजू कलला.

काकांचे असेच झाले. आपला कॅमेरा मोजताना त्यांनी तो नवा घेतला तेव्हाची किंमत मनात धरली. ताईचा मोजताना दुकानदार काय देईल ती धरली. त्यांच्या मनात कपट होते असे नाही. स्वतःची वस्तू सगळ्यांनाच भारी वाटते.

म्हणून ताईने तीन ठिकाणी चौकशी केली. सगळीकडे एकच विचारले, "असा जुना कॅमेरा तुम्ही केवढ्याला विकता?" मग हिशेब मांडला. हे आकडे आम्ही उदाहरणापुरते धरले आहेत. खरे भाव दर महिन्याला बदलतात.

ताई देणार:
बॉडी — २२,००० रुपये
लेन्स — ११,००० रुपये
रोख — ४,००० रुपये
एकूण — ३७,००० रुपये

ताईला मिळणार:
बॉडी — २८,००० रुपये
वजा, फुगलेल्या बॅटरीबद्दल — ३,००० रुपये
वजा, शटर जास्त चालल्याबद्दल — ४,००० रुपये
बाकी — २१,००० रुपये

फरक १६,००० रुपयांचा. आणि ताईच्या हाती लेन्स नाही ती नाहीच. लग्नसराई तोंडावर आलेली. कामे घेतलेली. अशा वेळी एवढा खड्डा पडला तर हंगामाची कमाई त्यात जाते.

सौदा उलटा करून बघा

हिशेबानंतर आणखी एक परीक्षा करावी. सौदा मनात उलटा करायचा. आपण काकांच्या जागी, काका आपल्या जागी. आता काका हाच सौदा खुशीने करतील का? आणि त्यांना जे ठाऊक आहे ते सगळे आपल्यालाही ठाऊक आहे का? दोन्हींचे उत्तर 'होय' आले तर सौदा रास्त. पैशाने काटेकोर बरोबरी झालीच पाहिजे असे नाही.

ताई हिशेबाचा कागद घेऊन काकांकडे गेली. म्हणाली, "काका, बॉडीला बॉडी देते. लेन्स माझी मलाच राहू द्या. वर रोख नको."

काकांनी कागद दोनदा वाचला. त्यांनाही ताईच्या कॅमेऱ्याची फिरती पडदी हवी होती. ते म्हणाले, "ठीक आहे. पण तुझ्या कॅमेऱ्याची खोड सांग."

ताईने सांगितले, "एक बटण कधी कधी दोनदा दाबावे लागते."

२२,००० ला २१,०००. हजाराचा फरक राहिला. ताईला दोन कार्डांची सोय मिळाली, काकांना पडदी मिळाली. दोघांनी सगळे जाणून देवाणघेवाण केली. हा सौदा रास्त झाला. ताईने आपली खोड झाकली असती तर कागदावरचा हिशेब तोच राहिला असता, पण सौदा रास्त राहिला नसता.

कायदा काय म्हणतो?

१८७२ चा भारतीय करार कायदा आजही चालू आहे. दोघांनी राजीखुशीने करार केला असेल, तर केवळ मोबदला कमी मिळाला म्हणून तो रद्द होत नाही. दोष जाणूनबुजून लपवून फसवले असेल, तर फसलेल्याला करार मोडता येतो. पण ते सिद्ध करावे लागते. म्हणून पारख आधी करावी. पुढचे हेलपाटे वाचतात.

मूळ बिल मागा. बिलावरचा किंवा खोक्यावरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक एकच आहे का, ते स्वतः वाचून बघा. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे वाटायला कारण असताना लबाडीने घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे.

शेवटी एक चिठ्ठी लिहा. दोन प्रती करा. दोघांनी सह्या करा. ती अशी:

"आज तारीख …… रोजी आम्ही कॅमेऱ्यांची अदलाबदल केली. पहिल्याचा क्रमांक ……, शटरचा आकडा ……, सांगितलेला दोष ……. दुसऱ्याचा क्रमांक ……, शटरचा आकडा ……, सांगितलेला दोष ……. वर रोख दिले असल्यास रुपये ……. आठ दिवसांत न सांगितलेला दोष निघाल्यास ज्याचा माल त्याने परत घ्यावा."

तोंडी बोलणे दोघांना वेगवेगळे आठवते. लिहिलेले दोघांना सारखेच दिसते.

विचार करा आणि सांगा

१. शटर १,५०,००० वेळा तपासलेले आहे. आकडा १,२०,००० आहे. एका कार्यक्रमात १,००० फोटो काढले तर किती कार्यक्रम होतील?

२. डी ५६०० असलेल्या एका मुलाला निकॉनची 'डी' जातीची लेन्स स्वस्तात मिळते आहे. त्याने घेण्याआधी काय विचार करावा?

३. आपल्या वस्तूची खोड आपणच आधी का सांगावी? तुमच्या गावातल्या एखाद्या व्यवहाराचे उदाहरण द्या.

४. वरची चिठ्ठी वहीत उतरवून घ्या. सायकल, शिलाई मशीन किंवा मोबाइल यांच्या अदलाबदलीसाठी तशीच चिठ्ठी लिहा.