चित्र पाहा, कारण सांगा : भौतिकशास्त्र व खगोलशास्त्राची एक चाचणी

स्पर्धा परीक्षांमुळे सामान्यज्ञानाला मोठे महत्त्व आले आहे. बाजारात प्रश्नोत्तरांची जाडजूड पुस्तके मिळतात आणि आपली मुले ती पाठ करतात. सर्वांत मोठा ग्रह कोणता, प्रकाशाचा वेग किती, याची उत्तरे घडाघड येतात. परंतु तीच गोष्ट चित्र दाखवून विचारली की गाडी अडते. हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे, तो प्रथम सांगतो.

आम्ही बँकेत लिपिक. पदवी कला शाखेची, त्यामुळे विज्ञान दहावीनंतर सुटले ते सुटलेच. एका रविवारी मंडळाच्या अभ्यासवर्गात विज्ञानाचे शिक्षक येऊ शकले नाहीत, म्हणून तास आम्ही घेतला. फळ्यावर पृथ्वीची लांबट कक्षा काढली आणि विचारले, "उन्हाळा का होतो?" पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून, असे बहुतेकांनी सांगितले. आम्ही "बरोबर" म्हणून पुढे जाणार, इतक्यात आठवीतली एक मुलगी उभी राहिली. "काका, जानेवारीत ऑस्ट्रेलियात क्रिकेटचे सामने होतात, तेव्हा तिकडे कडक ऊन असते आणि इकडे आपण स्वेटर घालतो. पृथ्वी तर एकच आहे ना?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो आठवडा वाचनालयात पुस्तके चाळण्यात गेला आणि पुढच्या रविवारी वर्गासमोर चूक मान्य करावी लागली. तेव्हापासून आम्ही चित्रांवरून चाचणी घेतो. त्यांतील पाच चित्रे येथे शब्दांत देत आहोत. वाचकांनी ती स्वतः वहीत काढावीत, उत्तर लिहावे आणि मगच विवेचन वाचावे.

चाचणी

चित्र १ : मध्ये सूर्य, भोवती पृथ्वीची लांबट कक्षा. या चित्रावरून उन्हाळा-हिवाळा समजतो काय?

चित्र २ : सूर्य नुकताच मावळला आहे. पश्चिमेला चंद्रकोर आहे. तिचा फुगीर भाग वर आणि टोके खाली क्षितिजाकडे आहेत. चित्र बरोबर आहे काय? चंद्राचा उरलेला भाग काळा का?

चित्र ३ : पाण्याच्या पेल्यात तिरकी ठेवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते. त्याच कारणाने ४ फूट पाण्याचा हौद सरळ वरून पाहिल्यास किती खोल वाटेल?

चित्र ४ : अंतराळ स्थानकात तरंगणारा अंतराळवीर. तेथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण किती असेल?

चित्र ५ : सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर पोहोचला आहे. त्या क्षणी त्यावरील बलाचा बाण कोणत्या दिशेने काढाल?

विवेचन

१) पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे खरे, पण ती जवळजवळ वर्तुळच आहे. ताटाची कड वरून गोल आणि बाजूने लांबट दिसते, तसे पुस्तकातील चित्र बाजूने पाहिलेले असते. वहीत १० सें.मी. त्रिज्येची कक्षा काढली, तर तिचा लांबटपणा पेन्सिलीच्या रेघेतच लपून जाईल. सूर्य मात्र मध्यापासून सुमारे पावणेदोन मिलिमीटर बाजूला येईल. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर; आणि सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. म्हणजे आपल्या थंडीतच सूर्य जवळ असतो!

ऋतूंचे खरे कारण पृथ्वीच्या आसाचा कल, सुमारे २३.५ अंशांचा. जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो. तेव्हा किरण जास्त सरळ पडतात आणि दिवसही मोठा असतो. डिसेंबरमध्ये हीच पाळी दक्षिण गोलार्धाची, म्हणून ऑस्ट्रेलियात उन्हाळा. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो, म्हणून कडक ऊन मे महिन्यातच संपते. हे गच्चीवर तपासता येते. मुंबईत डिसेंबरअखेरीस सूर्य माध्यान्हीला साधारण ४७-४८ अंशांपर्यंतच चढतो. मे महिन्याच्या मध्यास मात्र तो डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते.

२) चित्र चूक आहे. चंद्राचा उजळ, फुगीर भाग नेहमी सूर्याच्या बाजूला असतो. सूर्य क्षितिजाखाली गेला असेल, तर कोरीचा फुगीर भागही क्षितिजाकडे हवा. काळा भाग म्हणजे पृथ्वीची सावली, असे पुष्कळजण लिहितात. तेही चूक. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणात, आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे ते दर पौर्णिमेला होत नाही. एरवी चंद्राचा अर्धा भाग सदैव उजळलेला असतो. त्यातला आपल्याला कधी थोडा दिसतो, कधी सगळा. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा, हातात चेंडू डोक्यापेक्षा किंचित वर धरा आणि स्वतःभोवती सावकाश फिरा. सगळ्या कला चेंडूवर दिसतील.

३) हौद सुमारे ३ फूटच खोल वाटेल. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाची दिशा बदलते, त्यामुळे तळ वर आल्यासारखा भासतो. तिरके पाहिल्यास तो आणखी उथळ वाटतो. पोहता न येणारी मुले तळ दिसतो म्हणून पाण्यात उतरतात. त्यांच्यासाठी हा जिवाचा प्रश्न आहे. घरी लहान मुलांना पेल्यातली पेन्सिल दाखवून ही गोष्ट जरूर समजावावी.

४) "शून्य" हे ठरलेले उत्तर चूक आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असते. स्थानक आणि अंतराळवीर दोघेही सतत पृथ्वीकडे पडत असतात. पण पुढे जाण्याचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर असल्यामुळे ते पृथ्वीभोवती फिरत राहतात. दोघे बरोबरच पडत असल्याने वजन जाणवत नाही. १९८४ मध्ये राकेश शर्मा आणि २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला तरंगताना दिसले ते यामुळेच.

५) बाण खालीच. चेंडूचा वेग त्या क्षणी शून्य असतो, बल नव्हे. बल नसते तर चेंडू तेथेच लटकून राहिला असता.

वर्ग घेणाऱ्यांसाठी

ही चाचणी घेताना उत्तराला अर्धे गुण आणि कारणाला अर्धे गुण द्यावेत. चुकलेल्या उत्तरावर हसू नये. उत्तर चुकले तरी मुलाने कसा विचार केला ते विचारावे. दिवा, चेंडू, पेला, काठी एवढेच साहित्य लागते, खर्च काहीच नाही. आपल्याला उत्तर येत नसेल तर "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणावे आणि खरोखर सांगावे. त्यात कमीपणा नाही. त्या दिवशी त्या मुलीला "खाली बस" म्हटले असते, तर वर्गातील सर्व मुले चुकीचे उत्तर पाठ करून घरी गेली असती, आणि आम्हीही. छापलेले असो की फळ्यावरचे, प्रत्येक चित्राला "असे का?" हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागावी, एवढीच या लेखामागील इच्छा.