बेथानीच्या बहिणी आणि आपला बहिणींचा मेळावा



दरवर्षी २९ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत मार्था, मरिया आणि लाजर यांचे स्मरण करते. पूर्वी या दिवशी केवळ संत मार्थाचे स्मरण होत असे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या बहीण-भावाचाही त्यात समावेश केला.

आपल्याकडेही लग्न होऊन गेलेल्या बहिणी वर्षातून एक दिवस ठरवून एकत्र येतात. कुणी मे महिन्यात, कुणी नाताळच्या आठवड्यात, तर कुणी गावच्या सणाला. आईवडील असेपर्यंत माहेर आपोआप भरते. त्यांच्या पश्चात हा एक दिवसच बहिणींचे माहेर होतो. या दिवसासाठी बेथानीच्या घराकडून काय शिकता येईल ते आपण पाहू या.

१. मनातले प्रभूपुढे बोलावे (लूक १०:३८-४२)

मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत होती. मार्था एकटीच राबत होती. तिला राग आला, पण तो तिने शेजारणीकडे काढला नाही. तिने सरळ प्रभूला विचारले. प्रभूने तिच्या कामाला नावे ठेवली नाहीत. तिच्या मनाची ओढाताण मात्र तिला दाखवून दिली. आपल्या मेळाव्यातही एक बहीण दिवसभर स्वयंपाकघरात असते, बाकीच्या ओटीवर गप्पा मारतात. ती काही बोलत नाही आणि पुढच्या वर्षी काहीतरी कारण सांगून येत नाही. म्हणून प्रत्येकीने एकेक पदार्थ करून आणावा, भांडी सर्वांनी मिळून घासावीत आणि सर्वजणींनी थोडा वेळ प्रार्थनेला एकत्र बसावे.

२. बहिणीला बोलवायला आपण जावे (योहान ११:१-४४)

लाजर मरण पावला तेव्हा मार्था प्रभूला भेटायला बाहेर गेली, मरिया घरीच बसून राहिली. प्रभूशी बोलून झाल्यावर मार्थाने काय केले? ती परत घरी आली आणि गुरुजी तुला बोलावत आहेत, असे तिने बहिणीला हळूच सांगितले. एकदा जिच्याविरुद्ध तक्रार केली, तिलाच बोलवायला ती स्वतः गेली.

काही घरांत मेळावा होतो, पण एका बहिणीची जागा रिकामी असते. हक्कसोड पत्रावर तिने सही केली नाही, किंवा आजारी आईला कुणी सांभाळले यावरून शब्दाला शब्द वाढला. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा मिळतो. त्यामुळे हिस्सा मागितला म्हणून बहीण लोभी ठरत नाही. व्यवहार न्यायाने मिटवावा, पण तो मिटेपर्यंत बोलणे बंद ठेवू नये. ‘यायचे असेल तर येईल’ असे म्हणणे सोपे असते. मार्था तसे म्हणाली नाही.

३. भेट पुढे ढकलू नये

संत स्कोलास्तिका आपला भाऊ संत बेनेदिक्त याला वर्षातून एकदाच भेटत असे. ही हकिकत पोप संत ग्रेगरी यांनी लिहून ठेवली आहे. शेवटच्या भेटीत तिने रात्रभर थांबण्याची विनंती केली. मठाचा नियम सांगून भावाने नकार दिला. तिने हात जोडून प्रार्थना करताच निरभ्र आकाशातून विजांसह पाऊस कोसळला आणि भावाला थांबावेच लागले. रात्रभर ती दोघे देवाविषयी बोलत राहिली. तीन दिवसांनी ती देवाघरी गेली. तो पाऊस आला नसता तर?

चिंतनासाठी

• आपल्या मेळाव्यात सर्वांत जास्त कोण राबते? तिला आपण कधी विचारले आहे का?
• कोणत्या बहिणीची जागा रिकामी आहे? तिला फोन कोण करणार?
• या वर्षीची भेट आपण कशासाठी पुढे ढकलत आहोत?

हे प्रभो, बेथानीच्या घरी तू आनंदाने येत होतास. आमच्या बहिणींच्या बैठकीतही ये, आणि जी आली नाही तिच्या दारापर्यंत जाण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.